घरची सर्व्हिसिंग आणि जुन्या गाडीचा भाव

१९८५ साली रस्त्यावर आलेल्या मारुती जिप्सीवर आजही जीव टाकणारे हौशी आहेत. त्यांतले कित्येक जण ऑइल, फिल्टर घरीच बदलतात. मग विकताना भाव पडतो का? नव्या गाडीला सर्व्हिस सेंटरचे शिक्के लागतात. १५ वर्षं उलटलेल्या जिप्सीत मात्र जाणकार गिऱ्हाईक आधी वाकून चासीचा गंज पाहतं, डिपस्टिक ओढून ऑइल बघतं आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारतं. म्हणून प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड वहीत लिहा, सुट्या भागांची बिलं जपा. ब्रेक, स्टिअरिंग मात्र कसलेल्या मेकॅनिककडेच सोपवा. नोंद चोख असेल, तर घरच्या देखभालीवरही गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. नोंदच नसेल, तर चांगल्या कामाचेही पैसे हाती येत नाहीत.