पेंढ्यावाचून विटा



या व्यासपीठावरून एरवी विद्वान लोक बोलतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानात झाले. शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्याला जुलमातून स्वातंत्र्याकडे कशी नेते, या विषयावर आम्हांला का बोलावले, असे काहींना वाटले असेल. आम्हांलाही वाटले. पण बायबल आमच्या हाती आले ते त्या रद्दीच्या दुकानातच, आणि त्यातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायापाशी आम्ही जे थबकलो ते आजपर्यंत.

मिसर देशात गुलामीत पडलेले इस्राएल लोक राजासाठी विटा पाडीत आहेत. मोशे राजापुढे जाऊन म्हणतो, आमच्या देवाच्या उपासनेसाठी या लोकांना जाऊ दे. राजा काय करतो? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना असले विचार सुचतात, असा तो निकाल देतो. उद्यापासून विटांसाठी पेंढा मिळणार नाही, तो ज्याचा त्याने शोधून आणावा, विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये! आणि मार बसलेले इस्राएलांतलेच नायक अखेर कोणावर उलटतात? राजावर नव्हे, मोशेवर. ज्याने कामगारांत चार वर्षे काढली आहेत त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. समुद्र दुभंगल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधीचा हा पेंढ्याचा हिशेब फारसे कोणी सांगत नाही.

आता हेच पुस्तक रविवारी वाचणाऱ्या आणि सोमवारी नांगर धरणाऱ्या एका माणसाची हकीकत सांगतो. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टोलपडल नावाचे खेडे आहे. तेथील जॉर्ज लव्हलेस हा शेतमजूर मेथॉडिस्ट पंथाचा होता आणि मजुरी सांभाळून प्रवचने करी. आमच्यासारखाच स्वतः शिकलेला. म्हणून त्याच्याविषयी आम्हांला थोडा पक्षपात आहे, हे कबूल करून टाकतो.

मजुरी वाढवावी म्हणून टोलपडलचे मजूर मालकांकडे गेले. इतरत्र देतात तेवढी देऊ, असे मालकांनी कबूल केले. या शब्दाला साक्षी कोण? गावचे पाद्री. मालक फिरले तर तुमचा न्याय मी पाहीन, असे त्यांनी सांगितल्याचे लव्हलेसने १८३७ साली काढलेल्या आपल्या पुस्तिकेत लिहिले आहे. पुढे मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून आठ झाली, आठाची सात झाली, आणि सहाची भाषा सुरू झाली. मजूर पाद्रीसाहेबांकडे गेले, तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले.

तेव्हा १८३३ साली या मजुरांनी संघ काढला. प्रवेश फी एक शिलिंग, पुढे आठवड्याला एक पेनी. हिंसेने आपला हेतू कधीही साधणार नाही, असे नियमांतच लिहिले होते. या पेनीपाशी आम्हांला जरा थांबू द्या. १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरील कर्ज फेडण्यासाठी मेथॉडिस्टांनी अशी तोड काढली, की दर बारा माणसांमागे एकाने दर आठवड्याला घरोघर जाऊन पेनी गोळा करावी. गोळा करता करता तो माणसांची विचारपूस करू लागला. त्यातून त्यांच्या साप्ताहिक वर्गसभा उभ्या राहिल्या. तेथे मोलकरीण उठून बोले, खाणकामगार हिशेब ठेवी. त्या पंथाचे वरचे पुढारी राजनिष्ठ होते, मजुरांच्या चळवळी त्यांना खपत नसत. पण ज्या माणसाला एकदा आपल्या आत्म्याबद्दल चारचौघांत बोलता आले, तो आपल्या मजुरीबद्दल किती दिवस गप्प बसेल?

आमचा अनुभव याहून निराळा नाही. तरुणपणी धर्माचे नाव काढले की आम्ही हसत असू. एका संपात बेल-भंडार उचलून शपथा घ्यायचे ठरले, तेव्हाही हसलो. तो संप एकोणचाळीस दिवस चालला. शपथ घेतलेले कितीतरी जण हमीपत्रावर सही करून आत गेले. टिकले कोण? खात्यातल्या भजनी मंडळाचे चौदा जण. देवाने त्यांना काही विशेष बळ दिले असे आम्ही म्हणत नाही. पण दर गुरुवारी एकत्र बसायची, कोण आला नाही ते पाहायची आणि डब्यात नाणे टाकायची त्यांना सवय होती. त्याच देवळाचे एक विश्वस्त मालकाच्या बाजूने मध्यस्थीला आले होते, हेही सांगितले पाहिजे.

असो. टोलपडलकडे परत येऊ. १८२४ च्या कायद्यान्वये संघ काढणे हा गुन्हा राहिला नव्हता. म्हणून आरमारातील बंडानंतर १७९७ साली झालेला बेकायदा शपथांचा कायदा उकरून काढण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना पकडले : लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. तुरुंगात एक धर्मोपदेशक भेटीला आला. तुम्ही असंतुष्ट आणि आळशी आहात, तुम्हांला मालकांना बुडवायचे आहे, असे तो त्यांना सुनावून गेला. आळशी! फारोने वापरलेला तोच शब्द, आणि तो बायबल शिकवणाऱ्याच्या तोंडी. लव्हलेसची श्रद्धा तेव्हा का मोडली नाही, याचा आम्ही बराच विचार केला. आम्हांला वाटते, त्याने ते पुस्तक दुसऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते, स्वतः वाचले होते. देव आणि देवाचे नोकर यांतला फरक त्याला कळत होता.

सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सहाही जणांना ऑस्ट्रेलियाकडच्या वसाहतींत पाठवले. पण एप्रिल १८३४ मध्ये लंडनला हजारोंचा मोर्चा निघाला, अर्जांवर लाखो सह्या झाल्या, आणि मार्च १८३६ मध्ये सरकारला संपूर्ण माफी द्यावी लागली. समुद्र दुभंगला नाही. सह्या गोळा कराव्या लागल्या.

परतल्यावर पाच जण पुढे कॅनडात गेले. जेम्स हॅमेट तेवढा टोलपडलला राहिला. शपथेच्या रात्री तो तेथे नव्हताच, भावाच्या बदल्यात तो शिक्षेला गेला, असे सांगतात. त्याविषयी तो फारसे बोलत नसे. म्हातारपणी आंधळा झाल्यावर कोणावर भार नको म्हणून तो अनाथगृहात गेला आणि १८९१ साली तेथेच वारला. त्याला टोलपडलच्या चर्चच्या आवारात पुरले; हे चर्च शब्द फिरवणाऱ्या त्या पाद्रीसाहेबांचेच. कोणी युनियनच्या बाजूने भाषण करू नये म्हणून गावचा जमीनदार दफनाच्या वेळी स्वतः उभा होता, असे तेथील लोक सांगतात. थडग्यावर दगड बसला तो १९३४ साली. तो कामगार संघांनी बसवला.