कसोटी घेणाऱ्याची तालीम



मानसशास्त्रातील नव्या सिद्धांतांचा परामर्श घेण्याची या व्यासपीठाची प्रथा असली, तरी बुद्धी आणि व्यक्तिमत्त्व यांचे मापन करावयास आपण विद्यार्थ्यांना कोणत्या रीतीने शिकवतो, हा प्रश्न मला आज अधिक निकडीचा वाटतो; कारण आपल्या सहीच्या दाखल्यावर एखाद्या मुलाची शाळा आणि क्वचित त्याचे सारे भवितव्य ठरत असते.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे थिओडोर सीमाँ यांच्या साहाय्याने तीस प्रश्नांची जी पहिली श्रेणी सिद्ध केली, तिचा उद्देश अभ्यासात मागे पडणारी मुले हुडकून त्यांच्या शिक्षणाची निराळी तजवीज करणे हा होता; आणि बुद्धी ही न वाढणारी, ठरीव राशी आहे असे मानणाऱ्यांचा त्यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात निःसंदिग्ध निषेध केला होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने-श्रेणीची पुनर्रचना केली व १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलर यांची बालकसोटी भारतीय मुलांच्या बेताची केली. ही कामे आदरणीय आहेत. परंतु प्रमाणके ज्या पिढीवर बांधली त्या पिढीचीच असतात, आणि पिढीगणिक सरासरी गुण चढत गेल्याचे अनेक देशांत आढळून आले असल्याने, जुन्या प्रमाणकांवर काढलेला बुद्ध्यंक वाजवीपेक्षा अधिक येण्याचा संभव असतो. म्हणून कसोटीची पेटी उघडण्यापूर्वी तिचे प्रमाणीकरण कोणत्या साली आणि कोणत्या मुलांवर झाले, हे विद्यार्थ्याने पाहिलेच पाहिजे.

खरी तालीम मात्र पेटी उघडल्यावर सुरू होते. कोह्झ यांच्या रंगीत ठोकळ्यांची कसोटी घ्या. नमुन्याचे चित्र समोर ठेवले जाते, घड्याळ सुरू होते. एक मुलगी पहिल्याच चुकीला हात आखडून परीक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागते. दुसरी चित्राशी प्रत्येक ठोकळा ताडून पाहते, आणि वेळ संपली तरी मांडणी पुरी करूनच हात बाजूला घेते. गुणपत्रिकेत दोघींच्याही नावापुढे शून्यच पडते, कारण नियम तसा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण ज्या विद्यार्थ्याची नजर केवळ घड्याळावर होती, त्याला या दोन शून्यांतील तफावत कधीच कळणार नाही. शिवाय बरोबर उत्तराला उत्साहाने ‘शाब्बास’ म्हणणारा परीक्षक पुढच्या चुकीला गप्प राहिला, की मूल त्या मौनाचाही अर्थ लावते.

व्यक्तिमत्त्वाच्या कसोट्यांत तर हा धोका दुणावतो. रोर्शाक यांच्या १९२१ मधील शाईच्या डागांच्या दहा पट्टिका हाती आल्या की नवशिक्याला अर्थ लावण्याची घाई होते. उत्तर जसेच्या तसे उतरवून घेणे, पट्टिका कोणत्या बाजूने फिरवली व पहिल्या उत्तरास किती वेळ लागला हे टिपणे, ही कामे त्याला गौण वाटतात, आणि एकाच उत्तराच्या आधारे तो अहवालात ‘आक्रमक’ असा शब्द लिहून मोकळा होतो. एकाच लक्षणावर उभे केलेले असे विधान, मग ते कितीही चमकदार असो, मी अग्राह्य मानतो.

आकड्याविषयी एवढेच सांगतो. प्रमाण विचलन १५ असलेल्या कसोटीची विश्वसनीयता ०.९१ धरली, तर मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ गुणांची येते. म्हणजे दोन्ही बाजूंना अशा दोन त्रुटींची जागा सोडली, तर ८८ हा बुद्ध्यंक ७९ ते ९७ या टापूचा निर्देश करतो. तरीही आपले अहवाल नुसता ८८ लिहितात, आणि पालक तो आकडा जन्मभर जपून ठेवतात.

म्हणून अध्यापक बंधुभगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे की, विद्यार्थ्याने घेतलेल्या कसोट्या आपण प्रत्यक्ष शेजारी बसून पाहाव्यात, त्याच्या नोंदी ओळीने तपासाव्यात, आणि आपली खात्री पटेपर्यंत कोणत्याही अहवालावर त्याला एकट्याच्या सहीची मुभा देऊ नये.