तारेचे आठ हजार फेरे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इलेक्ट्रिक गिटार’ असे छापले आहे. ते वाचून पहिल्या रांगेतल्या काकूंनी मघाशी मला विचारले, “का गं, आता वाजवूनही दाखवणार की काय?” तेव्हा आधीच सांगते, मला गिटार वाजवता येत नाही. पण ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची जगप्रसिद्ध गिटार ज्यांनी १९५४ साली बाजारात आणली, त्या कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनाही ती वाजवता येत नव्हती. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. म्हणून मला बोलायला थोडा धीर आहे.

माझा संबंध तारेशी. इचलकरंजीला आमचे मोटारी भरण्याचे दुकान होते. मागाची मोटार जळाली, की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी भरायची, वार्निश द्यायचे. दुकानाची पाटी यांच्या नावाची. मोटार उघडणे, जोडणे, गिऱ्हाइकाशी बोलणे हे करीत. तार भरण्याचे काम मागच्या खोलीत मी करी. सव्वीस वर्षे केले. पहिल्याच वर्षी एका कारखानदाराने मला कामावर पाहिले आणि “बाईने भरलेली मोटार मला नको” म्हणून ती तशीच उचलून नेली. त्या संध्याकाळी मागच्या खोलीला पडदा लागला. पुढे कुणी विचारलेच, की मोटार भरली कुणी, तर हे म्हणत, “आमच्याच माणसाने.” खोटे काही नव्हते त्यात. घरात दोन मुले होती, धंदा चालायला हवा होता. पण तो पडदा मात्र माझ्या मनातून काही गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी नातू सुट्टीला आला तो बंद पडलेली गिटार घेऊन. म्हणाला, “आजी, हिच्या आत कॉईल असते म्हणे. तुला कळेल.” उघडून पाहते तो खरेच! तारांच्या खाली बोटभर लांबीची पेटी. तिच्यात सहा लहान लोहचुंबक उभे, आणि त्यांच्या भोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. याला पिकअप म्हणतात. आमची मोटार वीज घेते आणि फिरते. इथे सगळे उलटे. वर पोलादी तार थरथरते, तिच्यामुळे चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि खालच्या कॉईलमध्ये इवलीशी वीज उत्पन्न होते. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेली तीच गोष्ट. ती वीज अँप्लिफायरने मोठी केली, की गिटारीचा आवाज. लाकूड, रंग, आकार यांचे कौतुक पुष्कळ होते. पण त्या कॉईलवाचून सगळी गिटार मुकी.

मग मी नातवाला म्हटले, ह्या कॉईल मुळात कोण भरते ते शोध बघू. त्याने शोधले आणि मला वाचून दाखवले, आणि मी हातातले काम ठेवून ऐकतच राहिले. फुलरटन गावच्या फेंडरच्या कारखान्यात हे काम बायका करीत! त्यांतल्या एक ॲबिगेल इबारा. १९५६ साली त्या कामाला लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. सत्तावन्न वर्षे! मधल्या काळात, १९६५ साली, लिओ फेंडर यांनी कारखाना विकला, पुढे तो पुन्हा विकला गेला, गावही बदलले. पण बाई आपल्या यंत्रापाशी होत्या. यंत्र फिरते खरे, पण तार सोडायची आपल्या दोन बोटांतून. अशा एका पिकअपला सुमारे आठ हजार फेरे. ताण जास्त झाला की तार तुटते, कमी झाला तर मोठ्या आवाजात कॉईल किंचाळते. हाताने सोडलेली तार यंत्रासारखी एकसारखी बसत नाही, किंचित इकडेतिकडे होते. आणि वादक म्हणतात, त्या इकडेतिकडे होण्यातच आवाजाची गोडी आहे.

आता मोठ्या वादकांची गोष्ट सांगते. विलायतेतील एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या दुकानात सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर एकदम विकत घेतल्या. तीन मित्रांना देऊन टाकल्या. उरलेल्या तिन्हींतले उत्तम तेवढे काढून एक काळी गिटार जुळवली, तिचे नाव ‘ब्लॅकी’. एकीचे धड, दुसरीची दांडी. दांडी चार स्क्रूंवर बसवलेली, म्हणून हे जमले. मूळच्या गिटारी १९५६-५७ च्या सुमाराच्या, त्याच फुलरटनच्या कारखान्यातल्या. १९७३ पासून पुढे दहा-बारा वर्षे त्यांनी ती देशोदेशी वाजवली. इतकी, की दांडी झिजून गेली. मग कंपनीने त्यांच्या हाताला सवय असलेल्या घाटाची दांडी करून नवी गिटार घडवली, आणि १९८८ साली ती त्यांच्या नावाने विक्रीला आली. ब्लॅकीचा २००४ साली न्यूयॉर्कला लिलाव झाला. ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. २००६ साली तिच्या हुबेहूब २७५ प्रती काढल्या, ओरखड्यांसकट! नवी वस्तू मुद्दाम झिजवायची आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचे, हे माझ्या बुद्धीपलीकडचे आहे.

पण एक गोष्ट मात्र पटली. १९८७ साली कंपनीने खास मागणीच्या गिटारींसाठी वेगळा विभाग काढला. जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा आवाज हवा, म्हणून वादक हटून बसत. तो आवाज देणारे हात तर कारखान्यातच होते. इबाराबाईंच्या हातच्या पिकअपना मागणी येऊ लागली. त्या आपल्या कामावर आद्याक्षरे घालीत, आणि ती अक्षरे असलेली वस्तू लोक शोधू लागले. निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी होसेफिना काम्पोस यांना हे काम शिकवले.

आणखी ऐका. १९५४ च्या सुमाराच्या गिटारी आज कुणी दुरुस्तीला उघडल्या, तर आतल्या खोबणीत चिकटपट्टीचा तुकडा सापडतो. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले, ‘मेरी’. कुठे ‘ग्लोरिया’. वर झाकण बसले की कुणाला दिसायचे नाही.

नातवाची कॉईल मी भरली. पंख्याची तार मी डोळे मिटून भरते, पण ही तार हातात आली आणि तीनदा तुटली. एकदा सहा हजारांवर फेरे झाल्यानंतर! त्या रात्री मी जेवले नाही. चौथ्या खेपेस जमली. मीटर लावला, सहा हजार ओहमच्या जवळपास काटा गेला. वितळलेल्या मेणात बुडवून काढली, वरून पट्टी गुंडाळली. आता झाकण लावायचे, एवढ्यात मी थांबले.

हे शेजारी खुर्चीवर बसून सगळे पाहत होते. त्यांनी खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “तारीखही घाल.”