अवलंबित्वाचे दप्तर



ज्या वऱ्हाडात अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, म्हणजे यंत्रविद्या आणि कृषिविद्या यांची पीठे अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने शेजारच्या जिल्ह्यांत उभी राहिली, तेथे भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने शास्त्राच्या भवितव्यावर बोलावे अशी वहिवाट आहे. मी मात्र आपल्या व्यवसायातील एका रुक्ष वाटणाऱ्या कारकुनीविषयी, एम्बेडेड लिनक्स घडवताना पॅकेजांच्या परस्परावलंबनाचे जे दप्तर ठेवावे लागते त्याविषयी, बोलणार आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजून ती मराठीत दाखवणारे एक लहानसे उपकरण कल्पनेत आणा. त्याच्या पडद्यावर ‘क्षारता’ हा एक शब्द उमटायचा तर ‘लोहित’सारखा फाँट हवा, जोडाक्षरे आणि काना-मात्रा यथास्थान बसवण्यासाठी हार्फबझ हवे, अक्षरांच्या रेषा ठिपक्यांत उतरवण्यासाठी फ्रीटाइप हवे, आणि फ्रीटाइपलाही आपल्या परीने झेडलिब, लिबपीएनजी यांचा आधार लागतो. त्यातही हार्फबझ फ्रीटाइपवर विसंबते आणि एका ऐच्छिक सोयीपुरते फ्रीटाइप हार्फबझवर. दोघांच्या मागण्या एकदम मंजूर केल्या तर आधी कोणाला बांधावे या वादात सारे काम अडते, आणि ती सोय बंद ठेवावी किंवा फ्रीटाइप दोनदा बांधावे, असा निवाडा करावा लागतो.

हे अवलंबित्व द्विविध आहे. २००३ पासूनचा ओपनएम्बेडेड प्रकल्प आणि २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने आरंभलेला योक्तो प्रकल्प यांच्या रेसिपींत, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या कृतिपत्रांत, बिल्डच्या वेळी जे लागते ते ‘डिपेंड्स’मध्ये आणि उपकरण चालताना जे लागते ते ‘आरडिपेंड्स’मध्ये लिहितात. कंपायलरने जोडलेल्या लायब्ररींचा माग यंत्रणा स्वतः काढते. परंतु फाँट, इंटरप्रिटर, ऐनवेळी उघडली जाणारी प्लगिने यांची वर्दी तिला कोणी दिल्यावाचून मिळत नाही. परिणामी बिल्ड निर्विघ्न पार पडतो, इमेज कार्डावर चढते, आणि दर्यापूरच्या शिवारात पडदा उजळतो तेव्हा अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात.

माझे सांगणे एवढेच आहे की परावलंबन हा दोष नव्हे. अनोंदित परावलंबन हा दोष आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढवला नाही म्हणून कर्ज फिटत नाही; खरेदीदाराला ते उशिरा कळते, इतकेच. पूर्वी योक्तोत सर्व रेसिपींना एकच सामाईक सिसरूट, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या लायब्ररींची कोठी, असे; त्यामुळे एका रेसिपीने आणून ठेवलेली लायब्ररी दुसरी रेसिपी विनानोंद वापरून मोकळी होई, आणि बांधणीचा क्रम बदलला की अचानक कोलमडे. २०१७ च्या २.३ आवृत्तीपासून प्रत्येक रेसिपीला स्वतंत्र सिसरूट मिळाला, ज्यात तिने मागितलेल्या आणि त्या मागण्यांच्या ओघाने आलेल्या वस्तूच ठेवल्या जातात. कित्येक जुन्या रेसिपी त्या दिवशी मोडल्या. त्या मोडल्यामुळेच त्यांची लपलेली देणी उघडकीस आली.

नोंदीची ही निकड सुरक्षेच्या बाबतीत अधिकच तीव्र होते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या यंत्रावरील, लॉगिनला लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, आणि त्याचा माग काढता काढता एक्सझेड या संकोचन-पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत दडवलेले चोरदार सापडले. एसएसएच पुरवणाऱ्या मूळ ओपनएसएसएचला त्या पॅकेजातील लायब्ररीची गरजच नव्हती. काही लिनक्स वितरणांनी सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीशी संधान बांधण्यासाठी केलेल्या फेरफारातून ती मागच्या दाराने आत आली होती. आपल्या इमेजमध्ये काय आहे एवढे जाणून भागत नाही. ते कोणाच्या शिफारशीने आले, हेही दप्तरी असले पाहिजे.

परवान्याचेही तसेच आहे. रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली मुक्त केलेला लोहित २०११ मध्ये एसआयएलच्या खुल्या फाँट-परवान्याखाली आला. म्हणजे नाव तेच राहून अटी बदलल्या, आणि आवृत्ती न लिहिता केवळ नाव लिहिणाऱ्याला आपण कोणत्या अटींनी बांधलो आहोत हे सांगता येणार नाही.

म्हणून या सभेपुढे मी तीन सूचना मांडतो. आपल्या महाविद्यालयांतील प्रत्येक प्रकल्पासोबत पॅकेज, आवृत्ती आणि परवाना यांची यादी दाखल व्हावी. स्रोताची नेमकी कमिट आणि चेकसम रेसिपीत लिहिलेली असावी. ‘सर्वात ताजी प्रत’ ही नोंद ग्राह्य धरू नये, कारण आजची ताजी प्रत उद्याची नसते. आणि अमरावती व अकोला यांनी मिळून स्रोतसंहितांचे एक सामाईक भांडार ठेवावे, जेणेकरून दूरचा सर्व्हर बंद पडला किंवा इंटरनेट तुटले, तरी आज बांधलेले उपकरण दहा वर्षांनी जसेच्या तसे पुन्हा बांधता येईल. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. शिस्त मात्र लागते, आणि ती लावून घेण्यास पुढील अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. या सूचना चर्चेस घ्याव्यात, अशी विनंती करून मी परिषदेचे कामकाज सुरू झाल्याचे जाहीर करतो.