साखरेचे कवच

तान्ह्या मुलास न्यूमोनिया झाला म्हणजे श्वास वेगाने चालू लागतो आणि बरगड्यांखालचा भाग दर श्वासास आत ओढला जातो. या दुखण्यास कारण होणाऱ्या जंतूंत न्यूमोकोकस हा प्रमुख होय. त्याचे बळ त्याच्या अंगावरील शर्करेच्या कवचात आहे. रक्तातील भक्षक पेशी त्यास धरू पाहतात आणि तो निसटतो. कवचास प्रतिपिंडे चिकटली म्हणजे मात्र पकड मिळते व जंतू गिळला जातो.

अडचण अशी, की दोन वर्षांखालील मुलाचे शरीर नुसत्या शर्करेविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे घडवीत नाही. आईकडून मिळालेली शिदोरी तर काही महिन्यांतच सरते. प्रथिनाची ओळख मात्र त्यास चांगली पटते, कारण तेथे टी पेशी साहाय्यास येतात. मग शर्करा प्रथिनास जोडून दिली तर? ही युक्ती एव्हरी व गोबेल यांनी १९३१ साली सशांवर सिद्ध केली होती. बालकांसाठी तशी न्यूमोकोकसची लस अमेरिकेत निघावयास २००० साल उजाडले. मधल्या काळात पेनिसिलिन आले आणि लसीची निकड भासेनाशी झाली, हे खरे. पण औषध येते ते मूल आजारी पडल्यावर.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ साली तिचा देशभर विस्तार झाला. सहाव्या व चौदाव्या आठवड्यास एकेक मात्रा, नंतर नवव्या महिन्यास तिसरी. पेशींची स्मृती दृढ होते ती या तिसरीने, आणि खेळत्या मुलास कशाला टोचावे म्हणून टाळली जाते तीही हीच.