पाच दिवसांचा परदेश आणि रोजचे शहर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपल्याला प्रवासवर्णन ऐकवणार आहे, असे कार्यक्रमपत्रिकेवरून वाटेल. पाच दिवसांच्या प्रवासाचे वर्णन ते काय असणार! परंतु त्या पाच दिवसांनी माझ्या एका अडलेल्या उत्तराची सोय केली, म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

२०२४ साली नववीच्या वर्गात मी मराठीचा तास घेत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा वही उघडत नव्हता. मी विचारले तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "सर, दहावी नाही झाली तर काय बिघडणार आहे? मामा मला दुबईला बोलावणार आहे." वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर मजजवळ उत्तर नव्हते. मी दुबई पाहिलेली नव्हती आणि त्याच्या मामाचा पगार माझ्या पगारापेक्षा जास्त असण्याचा संभव होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या थोरल्या भावाने मला तिकडे बोलावले. भाई २००५ पासून तेथे आहे. तिकीट त्यानेच पाठवले. मुंबईहून विमानाने सुमारे तीन तासांचा प्रवास. मुंब्र्याहून सकाळच्या गर्दीत भायखळा गाठून परत यायला मला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे शहरी जीवन म्हणजे हीच लोकल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच मार्गाच्या पुढच्या भागात आपण राहतो. आज मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. मी गेलो त्या वर्षी साऱ्या दुबईची लोकसंख्या सुमारे अडतीस लाख होती. म्हणजे त्या शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट प्रवास आपल्या गाड्यांतून रोज होतात. तेही अशा दरात, की किमान तिकीट पाच रुपये! हा अभिमानाचा भाग झाला. दुसरा भागही आपल्याला ठाऊक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या किती आयांनी मुलांना पुन्हा पुन्हा फोन केले, ते मी सांगायला नको.

अशा शहरातून मी दुबईच्या मेट्रोत जाऊन बसलो. ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या ह्या गाडीला चालक नाही. फलाटावर काचेची दारे आहेत, गाडी थांबल्यावरच ती उघडतात. स्त्रिया व मुलांसाठी वेगळा भाग आहे. डब्यात खाल्ले-प्यायले तर १०० दिरहम दंड. माझ्या शेजारी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला एक तरुण बसला होता. रांगेत चढला, वृद्ध माणसाला जागा दिली, शांत बसून राहिला. माझ्या मनात आले, हाच तरुण कुर्ल्याला उतरताना असा वागेल काय?

"तेथे दंड आहे, म्हणून शिस्त आहे," असे आपण लगेच म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. चार मिनिटांनी दुसरी गाडी येणार आणि तीत पाय ठेवायला जागा असणार, हा भरवसा माणसाला असला की तो धक्का मारत नाही. आपला माणूस स्वभावाने बेशिस्त नाही, तो धास्तावलेला आहे. मात्र जिन्यात थुंकणे, कचऱ्याची पिशवी खिडकीतून खाली सोडणे ह्यांचा गर्दीशी काही संबंध नाही. तेथे दोष सरकारचा नाही, आपला आहे, आणि तो सुधारायला पैसाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाईने मला खाडी दाखवली. एका बाजूला देरा, दुसऱ्या बाजूला बर दुबई. मध्ये लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. पलीकडे जायला एक दिरहम दिला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसणाऱ्या माणसाला तेथे परके वाटणारच नाही. आपल्या मुलांना ठाऊक नसेल, पण १९६६ पर्यंत ह्या गावात रुपया चालत असे. आखातासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. त्या काळी येथील माणूस मुंबईकडे मोठे शहर म्हणून पाही.

मग हे गाव असे कसे बदलले? "तेल सापडले," हे नेहमीचे उत्तर आहे. तेल सापडले ते १९६६ साली. त्यापूर्वी ह्या गावाची मदार समुद्रातील मोत्यांवर होती. १९३० च्या दशकात जगभर मंदी आली, जपानने शिंपल्यात मोती पिकवून स्वस्त विकायला सुरुवात केली आणि मोत्यांचा धंदा बसला. एकाच गोष्टीवर विसंबल्याची किंमत त्यांनी तेव्हा मोजली. म्हणून तेल हाती आल्यावर त्यांनी तो पैसा बंदर, विमानतळ, व्यापार ह्यांत घातला. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी थोडा आहे.

हा धडा आपल्या समाजाने मनावर घ्यावा, असे मला वाटते. आपल्या कित्येक गावांची मदार आज आखाताच्या पैशावर आहे. तो आपला मोत्यांचा धंदाच आहे. २००८-०९ च्या मंदीत तेथली बांधकामे थांबली आणि आपली माणसे परत आली. २०२० साली कोरोनात पुन्हा तेच झाले. तेव्हा ज्यांच्या हाती प्रमाणपत्र होते त्यांना येथे काही तरी काम मिळाले. ज्यांच्या हाती फक्त अनुभव होता त्यांना अनुभव सिद्ध करता आला नाही.

आता भाईच्या खोलीबद्दल सांगतो. तेथे जाईपर्यंत मी ती पाहिली नव्हती. फोनवर तो नेहमी खिडकीपाशी उभा राहून बोले, त्यामुळे मागे फक्त भिंत दिसे. देऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत एका खोलीत सहा खाटा आहेत, वर तीन आणि खाली तीन. प्रत्येक खाटेला पडदा. तिकडे घर भाड्याने मिळते तशी अशी खाटही भाड्याने मिळते, तिला 'बेडस्पेस' म्हणतात. खाटेखाली एक बॅग, उशाशी मोबाइलचा चार्जर. एवढा भाईचा संसार.

ती खोली मी कोठे तरी पाहिली आहे असे मला वाटत राहिले. रात्री आठवले. आमचे वालिद गोदीत कामाला होते, तेव्हा डोंगरीला गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहत. बारा माणसे, बारा पेट्या, बारा वळकट्या. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होई. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर तेथे झोपलो होतो. वालिदांनी मुंबईत खाट धरली, भाईने दुबईत धरली. चाळीस वर्षांत शहर बदलले, देश बदलला, खोली थंड झाली. माणसाच्या वाट्याला आलेली जागा तेवढीच राहिली.

भाई वातानुकूलन यंत्रे बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक आहे. त्याचा हात उत्तम आहे. यंत्राला कान लावून बिघाड सांगतो, असे त्याचे सोबती मला कौतुकाने म्हणाले. परंतु त्याच्या कामावर सही करतो तो केरळचा पंचवीस वर्षांचा डिप्लोमा झालेला मुलगा. मुलगा चांगला आहे, भाईला मान देतो. पण पगारातला फरक मोठा आहे. कुटुंब आणायचे तर तेथे ठरावीक पगार दाखवावा लागतो, तेवढा भाईचा कधीच झाला नाही. एकोणीस वर्षांत तो आपल्या मुलीबरोबर किती दिवस राहिला, ह्याचा हिशेब त्याने मला तोंडी सांगितला. तो मी येथे सांगत नाही.

भाईने २००१ साली नववीतून शाळा सोडली. घरात दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपत नव्हता. त्याने वालिदांना सांगितले, "धाकट्याला शिकू द्या." आज आपण मला 'सर' म्हणता ते त्या एका वाक्यामुळे.

तो गेला तेव्हा त्याच्या पासपोर्टाबाबत जे झाले, ते पालकांनी नीट समजून घ्यावे. ज्याच्याजवळ दहावी उत्तीर्ण झाल्याचा दाखला नाही, त्याचा पासपोर्ट 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' ह्या वर्गात मोडतो. अशा माणसाला नोकरीसाठी आखाती देशांत जायचे तर सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. ही तरतूद कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून आहे, आणि तशी फसवणूक होते म्हणूनच ती करावी लागली. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटामार्फतच जावे. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्कालाही तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातलेली आहे. कोणी दीड-दोन लाख मागत असेल, "आधी व्हिजिट व्हिसावर जा, पुढचे बघू" म्हणत असेल, तर दागिने मोडण्यापूर्वी चौकशी करा. त्या एका दहावीच्या कागदाचा अर्थ घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

चौथ्या दिवशी मी भाईला म्हणालो, "मला येथले ग्रंथालय दाखव." तो हसला. एवढ्या वर्षांत तो तिकडे गेलाच नव्हता. जून २०२२ मध्ये खाडीच्या काठी उघडलेले मोहम्मद बिन राशिद ग्रंथालय आम्ही दोघांनी पाहिले. त्या इमारतीचा आकार रेहलसारखा आहे. आपण कुरआन शरीफ ठेवतो ती लाकडी रेहल, तीच सात मजली करून उभी केली आहे. आत छापील आणि डिजिटल मिळून दहा लाखांहून अधिक ग्रंथ. भाई बराच वेळ बाहेर उभा राहून पाहत होता. मग म्हणाला, "इथला ए.सी. बरा चालतोय." आम्ही दोघेही हसलो. परंतु परतताना मेट्रोत त्याने मला हळूच विचारले, "तो सतरा नंबरचा फॉर्म असतो ना, तो माझ्या वयाला भरता येतो का रे?"

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटलेल्यांना खाजगीरीत्या दहावीला बसण्यासाठी आपल्या मंडळाचा हा सतरा नंबरचा अर्ज असतो. मी परत येऊन नियम पाहिला. भरता येतो. परीक्षेच्या वेळी रजा मिळेल की नाही, हे भाईला अजून कळलेले नाही. परंतु त्याने नववीची गणिताची पुस्तके मागवली आणि मी ती पाठवली आहेत. सहा खाटांच्या खोलीत, पडद्याआड, दिवसभराच्या कामानंतर तो आता काय करतो, ते ज्याला आपली वही जड वाटते त्याने डोळ्यांसमोर आणावे.

परदेशी जाऊ नका, असे मी म्हणत नाही. त्या पैशावर मी शिकलो, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. जा, परंतु हात शिकलेले आणि कागद पुरे करून जा. दहावी, मग आय.टी.आय. किंवा डिप्लोमा, मग पासपोर्ट. आणि पालकहो, तिकडून पैसा आला की गावच्या बंगल्याला संगमरवर लावण्यापूर्वी मुंबईच्या खोलीत मुलासाठी, आणि तितकीच मुलीसाठी, अभ्यासाचा एक कोपरा राखा. संध्याकाळी दोन तास टी.व्ही. बंद ठेवायला दिरहम लागत नाहीत.

ज्यांच्या घरी कोपराही निघत नाही त्यांच्यासाठी संस्थेकडे एक विनंती करतो. हे सभागृह रोज संध्याकाळी सातनंतर कुलुपात असते. आठवड्यातले सहा दिवस सात ते दहा ते अभ्यासिका म्हणून उघडावे. देखरेखीला आम्ही शिक्षक पाळीपाळीने बसू. माझे नाव पहिल्या पाळीला लिहून घ्यावे.

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे आणि आत्ता ह्या सभागृहात बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला उशीर झाला. दहावी नाही झाली तर काय बिघडते, हे मी देऱ्यातल्या एका खोलीत पाहून आलो. मामा बोलावतील तेव्हा जरूर जा. आज मात्र वही उघड.

अल्लाह आपणा सर्वांच्या प्रयत्नांना यश देवो. खुदा हाफिज.