ती कोणत्या नात्याने जाणार?

मागच्या वेळी आम्ही आगोटीच्या बेगमीबद्दल बोललो होतो, सुके बोंबील पावसात कसे टिकवायचे ते. आज विषय वेगळा आहे. आम्ही सहाजणी अलिबागच्या बाजूच्या समुद्राकाठच्या एका गावातल्या, एकाच बचत गटातल्या. आमच्या आळीतल्या एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तिला विचारूनच बोलतोय. नाव सांगणार नाही, आणि कुणी ओळखलंच तर मनात ठेवा.

ही मुलगी नर्सिंग शिकते. शेजारच्या गावातल्या कोळ्याच्या मुलाशी तिचं जमलेलं आहे. बारावीला दोघं एका वर्गात होते, तिथपासूनचं. मुलगा मेहनती. पहाटे बापासोबत होडीवर आणि संध्याकाळी पुळणीवर धावायला, अशी दोन वर्षं काढली त्याने. हवाई दलात अग्निवीरवायू म्हणून निवड झाली आणि गेल्या जानेवारीत तो बेळगावला गेला. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाची एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे. आपल्याला वाटतं हवाई दल म्हणजे विमान चालवणं. तसं नसतं. एका विमानामागे जमिनीवर कितीतरी माणसं राबतात, हा त्यांतला एक होणार. मुलीही असतात बरं का. महिला अग्निवीरवायूंची पहिली तुकडी याच सांबऱ्याहून डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली.

प्रशिक्षणात फोन जवळ नसतो. रविवारी थोडा वेळ मिळाला की त्याचा फोन यायचा. पहिला आईला. आईचं बोलणं उरकून वेळ राहिला तर हिला. कधी चार मिनिटं, कधी काहीच नाही. रविवारी ही मुलगी कपडे धुवायला विहिरीवरसुद्धा फोन घेऊन यायची. आम्ही चिडवायचो, "काय गो बाय, आला का?" ती हसायची.

मग एप्रिलमध्ये पहलगाम झालं. ७ मेच्या पहाटे आपल्या विमानांनी हल्ला केला, ऑपरेशन सिंदूर. त्याच दिवशी देशभर सरावाचे भोंगे वाजणार होते. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत उरण होतं, रोहा-धाटाव-नागोठणं होतं आणि आमचं थळ-वायशेतही होतं. खतांचा कारखाना आहे ना तिथे. रात्री दिवे मालवायचे म्हणून म्हाताऱ्या बायांना १९७१ आठवलं, खिडक्यांना लावलेला काळा कागद आठवला. पोरांना त्याची गंमत वाटत होती. ही मुलगी मात्र आमच्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, त्यांना आता लगेच सीमेवर पाठवतील का?"

आम्ही तिला समजावलं की बेळगाव कुठे, सीमा कुठे, अर्धवट शिकलेल्या पोरांना कोण पाठवतं. आमचं आम्हालाच ते पुरेसं पटलेलं नव्हतं. कारण टीव्हीवर दिवसरात्र विमानंच दिसत होती. ९ मेला अग्निवीर मुरली नाईक सीमेवर शहीद झाल्याची बातमी आली. आईवडील घाटकोपरला राहणारे, एकुलता एक मुलगा. तो सैन्यात होता, हवाई दलात नव्हे. पण अग्निवीर हा शब्द ऐकल्यावर त्या दोन घरांत कुणी जेवलं नसेल. १० मेच्या संध्याकाळी युद्ध थांबल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन आला. आईला आला. हिला त्याच्या धाकट्या बहिणीने येऊन सांगितलं, "दादा बरा आहे."

मैत्रिणींनो, आम्हाला बोलायचं आहे ते इथपासून पुढे.

आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना वाट बघणं नवीन नाही. होडी उशिरा आली तर आपण बंदरावर जातो, चारचौघींबरोबर उभ्या राहतो, लांबवर दिवा दिसतो का बघतो. कुणाची आई, कुणाची बायको, सगळ्या एका रांगेत. या मुलीला उभं राहायला बंदरच नाही. काही बरंवाईट झालं तर निरोप आईवडिलांकडे जाणार. भरतीच्या कागदावर वारस म्हणून आईचं नाव. ४८ लाखांचा विमा असतो, तो वारसाचा, आणि तेच बरोबर आहे. पैशाचं ती बोलतच नाही. तिला एवढंच कळायला हवं आहे, तो आहे की नाही. आणि ते विचारायचा कागद तिच्याकडे नाही.

कागद होता तिचं काय झालं, तेही सांगतो. दमयंती तांबे. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० चा अर्जुन पुरस्कार. पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, हवाई दलात वैमानिक. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. ५ डिसेंबर १९७१ ला ते सुखोई विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटवर गेले आणि परतले नाहीत. ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्या नावासारखं नाव छापून आलं होतं. म्हणजे ते जिवंत होते, असं घरच्यांनी धरलं. युद्धकैदी परत आले, त्यांत विजय तांबे नव्हते. असे ५४ जण, ज्यांचा पत्ता लागला नाही. दमयंतीताईंनी खेळ सोडला, दिल्लीत विद्यापीठात नोकरी केली, दुसरं लग्न केलं नाही आणि विचारत राहिल्या. २००७ साली इतर कुटुंबांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग बघून आल्या. हाती काही लागलं नाही. बायको होत्या म्हणून निदान प्रत्येक दारात जाऊन "माझा नवरा कुठे आहे" असं विचारता तरी आलं. त्या ५४ जणांत लग्न न झालेलेही असतील. त्यांच्यासाठी कुणी थांबली असेल तर तिने कुणाला विचारलं असेल? तिचं नाव कुठल्याच यादीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लग्न लावून टाका. तेच तर होत नाही. अग्निवीरवायूला चार वर्षं लग्न करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. केलं तर नोकरी जाते. म्हणजे थेट २०२९. तिच्या बापाचं म्हणणंही खोटं नाही. ते म्हणतात, चार वर्षांनी चौघांतल्या एकालाच पुढे ठेवतात, बाकीचे दहा-अकरा लाख रुपये घेऊन घरी. मुलगी तोवर थांबली आणि तो परत होडीवरच आला तर? यंदा पेणचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा बँकेत. ही नको म्हणाली. घरात महिनाभर अबोला.

जूनमध्ये त्याचं प्रशिक्षण संपलं, परेड झाली. आईवडील बेळगावला गेले. त्याची आई पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर गेली आणि नवं लुगडं नेसून गेली. मुलीलाही जायचं होतं. ती कोणत्या नात्याने जाणार? फोटो मात्र तिला सगळ्यांच्या आधी मिळाले.

गणपतीला त्याला रजा मिळाली नाही. कोकणातल्या पोराला गणपतीत घरी येता येऊ नये, ते आम्हाला फार लागलं. त्या दिवसांत आम्ही एक केलं. बरं केलं की वाईट, ठाऊक नाही. आम्ही दोघीजणी त्याच्या आईकडे आरतीला गेलो आणि जाताना या मुलीला बरोबर नेलं. काही बोललो नाही. आरती झाली, प्रसाद झाला. निघताना त्या माउलीने तिला आत बोलावलं. बाहेर आल्यावर मुलीने सांगितलं की त्यांनी तिचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने लिहून घेतला. म्हणाल्या, "काही कळलं तर मी तुला पहिली सांगीन. पोरीला पाठवणार नाय, मी सांगीन."

तिच्या बापाला हे अजून पसंत नाही. आईला आहे असं वाटतं, कारण परवा तिने गटातून कर्ज घेतलं ते मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी, आणि पेणच्या लोकांना नर्सिंग पूर्ण झाल्याशिवाय बघणार नाही असं कळवलं. आम्ही त्या कर्जाला एकमताने हो म्हटलं. दर महिन्याचा हप्ता ती वेळेवर भरते आहे.

मुलाची बदली कुठे झाली ते रेडिओवर सांगणं बरं नव्हे. आता फोन जवळ असतो, त्यामुळे रविवारची वाट बघायला लागत नाही. तरी रविवारी ती विहिरीवर फोन घेऊनच येते, सवय लागली आहे. परीक्षा डिसेंबरात आहे.